जरा खोलून बघू

महाराष्ट्रात घराला गॅरेज असणारी माणसं थोडी, आणि असलेल्या गॅरेजात गाडी ठेवणारी त्याहून थोडी. तिथे जुना पलंग, बंद कूलर आणि भाडेकरूने न नेलेलं कपाट असतं. आपलं खरं गॅरेज म्हणजे जिन्याखालची जागा, बंगल्याचा पोर्च, वाड्याचा चौक, नाहीतर सोसायटीचं पार्किंग. रविवारी सकाळी चक्कर मारा. कुठे ना कुठे एक मोटरसायकल मधल्या स्टँडवर चढवलेली असते, तिची टाकी कट्ट्यावर असते, सीट भिंतीला टेकलेली असते आणि शेजारी पाटावर बसून एक गृहस्थ तिच्या पोटात हात घालत असतात. अंगात बनियन, कपाळावर ग्रीस, खाली गेल्या रविवारची पुरवणी अंथरलेली. "काय झालं गाडीला?" असं विचारलं तर उत्तर ठरलेलं.

"काही नाही. जरा खोलून बघतोय."

यातलं "काही नाही" शंभर टक्के खरं असतं. गाडी काल संध्याकाळपर्यंत उत्तम चालत होती. फक्त येताना "तिसऱ्यात टाकल्यावर जरा वेगळा आवाज" आला होता. तो आवाज मागे बसलेल्या बायकोला आला नव्हता, रस्त्यावर कुणाला आला नव्हता; पण गृहस्थ रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले. या माणसाला गाडी दुरुस्त करायची आहे, असा जगाचा समज असतो. ज्यांना गाडी दुरुस्त करायची असते ते ती गॅरेजवाल्याकडे टाकतात आणि घरी येऊन झोपतात. घरी गाडी खोलणाऱ्याला त्या गाडीबद्दल एक मत असतं आणि ते सिद्ध करायचं असतं. गाडी चालू होणं ही त्यातली दुय्यम बाब.

या शास्त्राला साहित्य लागतं. पान्यांचा सेट असतोच. सहा-सात, आठ-नऊ, दहा-अकरा, बारा-तेरा असे दोन तोंडांचे पाने कापडी पिशवीत शहाण्यासारखे निजलेले असतात, आणि ज्या दिवशी दहा नंबर लागतो त्या दिवशी दहा-अकरा सोडून सगळे हजर असतात. मग पक्कड येते. पकडीने बोल्ट फिरवणं हे पाप आहे हे प्रत्येकाला ठाऊक असतं आणि प्रत्येक जण ते "एवढ्या एका बोल्टापुरतं" करतो. बोल्टाचे कोपरे गोल होतात, आटे जातात, आणि दहा मिनिटांचं काम पुढच्या रविवारवर जातं. पुढचा रविवार मोकळाच असतो, त्यामुळे याचं फारसं दुःख कुणाला होत नाही.

बाकीचं साहित्य स्वयंपाकघर पुरवतं. पुरवतं म्हणजे, नेल्यावर त्याला कळतं. कार्बोरेटरचे जेट धुवायला स्टीलची वाटी, स्क्रू ठेवायला ताटली, पेट्रोल ओतायला नरसाळं, कोपऱ्यातली घाण काढायला टूथब्रश. "जुनाच घेतला" असं सांगितलं जातं; तो जुना आहे हे ज्याचा ब्रश असतो त्याला त्याच क्षणी समजतं. स्पार्क प्लगवर काजळी धरली की तो गॅसच्या शेगडीवर लाल होईपर्यंत तापवून साफ करणारे वीर मी पाहिले आहेत. त्याच शेगडीवर नंतर चहा होतो आणि चहाला कसला तरी वास येतो, पण त्या घरात वासाबद्दल बोलायची पद्धत नसते. बेअरिंग बसवायचं तंत्र तर थेट फ्रिजपर्यंत पोचतं. लोखंड थंडीने आकसतं आणि उष्णतेने फुगतं, म्हणून बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायचं, सकाळी त्याची बैठक गरम करायची, आणि मग ते हातोडीशिवाय अलगद आत जातं. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातला हा सर्वांत उपयोगी धडा. फक्त मटारांच्या पिशवीशेजारी ते काळं कडं बघून घरातल्या इतरांना भौतिकशास्त्र आठवत नाही.

मोजमापांचंही तसंच. प्लगच्या दोन टोकांमधली फट साधारण ०.६ मिलिमीटर हवी. ती मोजायला फिलर गेज नावाचं पात्यांचं हत्यार मिळतं. आपल्याकडे हॅक्सॉचं ब्लेड घालतात. हसू नका, हातकरवतीचं ते ब्लेड ०.६३ मिलिमीटर जाड असतं. ज्याने हे पहिल्यांदा करून पाहिलं त्याला बहुधा आकडा माहीत नव्हता. त्याच्या हाताला मात्र माहीत होता.

आता प्रेक्षक. भर रस्त्यात माणूस पडला तर लोक घड्याळ बघत पुढे जातात. पण उघडं इंजिन दिसलं आणि पुढे गेला, असा मराठी पुरुष मला अजून भेटलेला नाही. तो थांबतो. हात मागे बांधतो. थोडा वाकतो. एक मिनिट काहीच बोलत नाही, कारण पहिल्या मिनिटात बोलणाऱ्याला किंमत नसते. मग म्हणतो, "कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय."

हे निदान बाराही महिने चालतं. गाडी सुरू होत नसेल तर कचरा, बंद पडत असेल तर कचरा, ॲव्हरेज देत नसेल तर कचरा. दुसरा येतो तो कचऱ्यावर विश्वास नसलेला असतो. "कचरा नाही हो. करंटच येत नाहीये." तिसऱ्याचा पंथ टायमिंगचा. चौथा खालच्या आवाजात सांगतो की बोअर संपलाय, रिंगा गेल्यात, आणि इतकं गंभीर तोंड करतो की मालक क्षणभर घरच्यांना बोलवावं की काय या विचारात पडतो. वास्तविक पेट्रोलच्या इंजिनाला पेट्रोल, हवा आणि ठिणगी या तीनच गोष्टी लागतात. दाब टिकवायला रिंगा ठीक असल्या की झालं. एवढ्याशा भांडवलावर चार माणसांची दुपारपर्यंतची चर्चा निभते. या चर्चेचा एक शिष्टाचार आहे. "टाकीत पेट्रोल आहे का?" हा प्रश्न शत्रूसुद्धा विचारत नाही. शंका सगळ्यांच्या मनात असते. एक जण नकळत टाकीवर टिचकी मारून आवाज ऐकतो आणि ऐकलं नाही असं दाखवतो.

जाणकार मंडळी मात्र खरोखर जाणकार असतात. वैद्य जीभ बघतो तसा ते प्लग बघतात. काळा आणि ओलसर निघाला तर पेट्रोल जास्त जातंय, पांढराफटक निघाला तर कमी, कॉफीच्या रंगाचा निघाला तर प्रकृती उत्तम. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून आत नेमकं काय वाजतंय हे सांगणारे लोक आहेत. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय, काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त होतंय. डोळे, नाक, कान आणि बोटं एवढ्यावर रोग कळायचा. म्हणूनच प्रत्येकाला मत देता यायचं. डोळे आणि कान प्रत्येकालाच असतात.

आणि गाड्याही मतांना वाव देणाऱ्या होत्या. १९७२ म्हटलं की महाराष्ट्राला दुष्काळ आठवतो. त्याच साली आकुर्डीच्या बजाजची चेतक आली आणि पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची लूना आली. चेतकसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबत. इतकी वाट बघून मिळालेली गाडी कुणी बिघडली म्हणून विकत नसतं. ती घरातच राहायची, मुंजीत दिसायची, लग्नाच्या अल्बममध्ये दिसायची, आणि तिची दुखणी मालकाला स्वतःच्या दुखण्यांपेक्षा जास्त पाठ असायची. घरोघरचे हे मेकॅनिक हौसेतून जन्मले, असं आपण म्हणतो. पण त्या प्रतीक्षायादीचाही त्यात मोठा हात आहे.

चेतक सुरू करायची पद्धत साऱ्या देशाला ठाऊक. सकाळी इंजिन थंड असलं की स्कूटर आपल्या अंगावर घेऊन तिरकी करायची, दोन क्षण तशीच धरायची, सरळ करायची आणि किक मारायची. तिरकी केल्याने कार्बोरेटरमध्ये पेट्रोल जरा जास्त उतरतं आणि थंड इंजिनाला तेच हवं असतं, असं त्याचं शास्त्र सांगतात. पण कुठल्या बाजूला तिरकी करायची, किती अंशात आणि किती वेळ, यावर घराघरांत संप्रदाय होते. साधारण पंचेचाळीस अंश म्हणणारे वारकरी. पार आडवी करून तिच्यातून ढेकर आल्यासारखा आवाज निघेपर्यंत न सोडणारे कडवे. वडिलांची पद्धत मुलाकडे जायची. सून घरात आली की तिला देवघर आणि स्कूटर, दोन्हीचे नियम समजावून सांगत.

लूनाला पायडल होतं. इंजिनाने राम म्हटला तर सायकलसारखी चालवत घरी या. बिघडल्यावर काय करायचं याची सोय कंपनीने गाडीबरोबरच जोडून दिलेली! इतका प्रामाणिक कारखानदार पुन्हा होणे नाही. येझदी म्हैसूरची. तिला सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. शिवाय किक आणि गिअर यांचा दांडा एकच. किक मारून झाली की तोच दांडा खाली वळवून गिअर टाकायचे. मित्राची येझदी मागून आणलेल्या माणसाला किक सापडेपर्यंत मित्राची चहाची दुसरी फेरी व्हायची.

बुलेट हा मात्र विधी होता. तिच्या दिव्याच्या घुमटावर ॲमीटर असायचा. किल्ली फिरवायची, किक पायाने हळूहळू दाबत न्यायची, ॲमीटरचा काटा मधोमध आला की थांबायचं. मग डाव्या हाताशी असलेला डिकॉम्प्रेशनचा छोटा दांडा ओढून कोंडलेली हवा सोडायची, किक आणखी थोडी उतरवायची, दांडा सोडायचा, आणि आता मनातल्या मनात कुलदैवत आठवून एकच दणका. जमलं तर गल्लीतली कबुतरं उडतात. नाही जमलं तर किक उलटून नडगीवर बसते. जुन्या बुलेटवाल्यांच्या नडगीला हात लावून बघा, सगळा इतिहास तिथे कोरलेला सापडेल. पण हेही खरं, की ज्याला बुलेट सुरू करता येई त्याला पिस्टन कुठे आहे आणि ठिणगी कधी पडणार, हे पायाच्या तळव्याला कळत असे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला तोंडी परीक्षेत हेच विचारतात.

सामान आणायला पुण्यात नाना पेठ. तिथला दुकानदार गिऱ्हाइकाकडे बघत नाही, त्याच्या हाताकडे बघतो.

"सॅम्पल आणलंय?"

"नाही, पण हे असं एवढं असतं बघा, गोल, आणि मध्ये भोक."

"काका, आमच्याकडे सगळंच गोल आहे आणि मध्ये भोक आहे. कंपनीचं पाहिजे का लोकल?"

"कंपनीचं मिळेल?"

"नाही."

मग प्रश्न का विचारला, असा प्रश्न नाना पेठेत विचारायचा नसतो. तिथे नाहीच मिळालं तर बुधवार किंवा रविवार गाठून जुना बाजार. त्या बाजारात फिरताना आपल्याला हवा तो भाग कधीच मिळत नाही, पण ज्याचा उपयोग समजत नाही असा एक अत्यंत सुबक, जड, पितळी भाग स्वस्तात मिळतो. तो घरी येतो आणि डब्यात पडतो. प्रत्येक खटपट्याकडे असा एक डबा असतो: बिस्किटांचा, गोल, पत्र्याचा. त्यात वायसर, स्प्रिंगा, अर्धवट बोल्ट आणि गाडी जोडून झाल्यावर "जास्त निघालेले" नट असतात. जास्त कसे निघाले, हे विचारणाऱ्याला तो शांतपणे सांगतो, "कंपनीवाले दोन-चार उगाच घालतात." कोल्हापूरकरांना एवढी वणवण करावी लागत नाही. उद्यमनगरात लेथवर उभ्या असलेल्या माणसाला तुटका भाग दाखवला की तो एका डोळ्याने त्याच्याकडे आणि दुसऱ्याने तुमच्याकडे बघतो आणि विचारतो, "दोन करू का? एक परत मोडंलच की."

यावर कुणी म्हणेल, मराठी माणूस बोलण्यात दिवस घालवतो, यंत्रात त्याला काय कळतं. इतिहास वेगळं सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, पुढे लोखंडी नांगर केला, १९१० साली माळावर किर्लोस्करवाडी उभी केली. आणि त्या नांगरांच्या कारखान्यातून १९२० साली काय बाहेर पडलं? 'किर्लोस्कर खबर' नावाचं मासिक! पुढे तेच 'किर्लोस्कर' म्हणून घराघरांत गेलं. लोखंड आणि मतं एकाच शेडमध्ये तयार करण्याची आपली परंपरा ही अशी शंभर वर्षांची आहे. पार्किंगमध्ये हात मागे बांधून उभी असलेली मंडळी तीच परंपरा विनामूल्य चालवत असतात.

या परंपरेला पहिला धक्का बसला १९८५ साली. हीरो होंडाची सीडी हंड्रेड आली आणि तिची जाहिरात म्हणाली: पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरा. विसरा! ज्या माणसाचं रविवारचं अस्तित्व गाडी आठवण्यावर उभं, त्याला सांगायचं विसरा. गाडी खरोखर चालायची, हे जास्त लागलं. तरी तिला कार्बोरेटर होता, किक होती, चेन सैल व्हायची. कसंबसं चालून जात होतं.

खरा घाव १ एप्रिल २०२० चा. बीएस सिक्सचे नियम लागू झाले आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. आता किती पेट्रोल सोडायचं हे एक छोटा संगणक ठरवतो. इंजिनाचं तापमान सांगायला एक सेन्सर, थ्रॉटल किती उघडलाय ते सांगायला दुसरा, सायलेन्सरमधून निघणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते हुंगायला तिसरा. जे काम कट्ट्यावरची चार माणसं दुपारपर्यंत करायची ते हे सेन्सर सेकंदात अनेकदा करतात, आणि मुख्य म्हणजे त्यांचं एकमत होतं. कुठे बिनसलं तर पिवळा दिवा लागतो. हात मागे बांधून वाकणारा माणूस त्या दिव्याकडे बघतो. एक मिनिट थांबतो. म्हणतो, "दिवा लागलाय." आणि निघून जातो. दिव्याबद्दल आणखी काय बोलणार? त्यात कचरा आलाय म्हणता येत नाही.

रस्त्यावरची समाजसेवासुद्धा बंद पडत चालली आहे. पूर्वी अनोळखी माणूस जिवाच्या आकांताने ओरडायचा, "ओ, स्टँड! स्टँड!" आता बहुतेक नव्या गाड्या स्टँड खाली असेल तर पहिला गिअर टाकताच बंद पडतात. भर दुपारी समोरून येणारा पंजा उघडमीट करून खुणावायचा, दिवा चालू राहिलाय. २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा कायम चालूच असतो, तो बंद करायचं बटणच नाही. तरी पुण्यात अजून पंजे उघडमीट होतात. कायदा बदलला म्हणून सांगायची सवय कशी बदलेल?

यावर तरुणांनी उपाय शोधला आहे. ते आठवडाभर संगणकावर दुसऱ्यांच्या चुका काढतात आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःची हक्काची चूक मिळावी म्हणून जुन्या गाड्या विकत घेतात. यामाहाची आरएक्स हंड्रेड १९९६ साली बनायची थांबली. तिचा गंजलेला सांगाडा आज नव्या गाडीच्या किमतीत हसत हसत घेणारे लोक आहेत. नव्या गाडीवर कामाला जायचं, जुनीवर काम करायचं, अशी वाटणी. एका लिटरला वीस मिली टूटी ऑइल मोजून घालताना या मुलांच्या चेहऱ्यावर जी तृप्ती दिसते ती पगाराच्या दिवशी दिसत नाही. यात धोका एकच: गाडी कधीतरी खरंच दुरुस्त होते. सगळं जोडून होतं, पहिल्या किकला इंजिन धरतं, धूर स्वच्छ, आवाज एकसारखा. जमलेली मंडळी टाळ्या वाजवून घरी जातात, आणि मालक एकटाच कान देऊन उभा राहतो. थोड्या वेळाने त्याचा चेहरा उजळतो.

"पिस्टन जरा वाजतोय का रे?"

विजेच्या गाड्या आल्यावर हे सगळं संपणार, अशी मला भीती होती. तिथे प्लग नाही, पेट्रोल नाही, किक नाही, धूर नाही. मत द्यायचं तर कशावर द्यायचं? जानेवारी २०२० मध्ये चेतक परत आली ती विजेची होऊन. आमच्या शेजारच्या इमारतीतल्या आजोबांच्या मुलाने त्यांना ती घेऊन दिली. परवा सकाळी ते खाली आले, हेल्मेट घातलं, गाडी स्टँडवरून उतरवली, सवयीने अंगावर घेऊन मस्तपैकी तिरकी केली, दोन क्षण धरली, सरळ केली आणि बटण दाबलं. गाडी अर्थातच सुरू झाली.

आजोबांनी माझ्याकडे वळून सांगितलं, "मुलाला किती वेळा म्हटलं, हिलासुद्धा तिरकी करावी लागते. त्याला पटत नाही."